समेची वाट पाहणारा कॅमेरा

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी एका घराच्या माजघरात एक फोटो टांगलेला आहे. रामनवमीच्या उत्सवातली गाण्याची बैठक. तबल्यावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ हसताहेत. मान किंचित कललेली, उजवा हात तबल्यावरून नुकताच उचललेला. हा फोटो मी काढला, १९८४ साली. त्यात एकच वस्तू अगदी स्वच्छ, रेखीव आली आहे. ती म्हणजे मध्ये उभा असलेला मायक्रोफोन. त्याच्या जाळीची भोकं मोजून घ्यावीत इतका स्पष्ट. तबलजींचा चेहरा मात्र धुक्यातून पाहावा तसा.

गावात येणाऱ्या प्रत्येक गवयाला त्यांनी चाळीस वर्षं साथ केली. फोटो निघायचे ते गवयाचे. हे आपले कडेला, अर्धे फ्रेमच्या बाहेर. त्या रात्री गाणाऱ्या बुवांनी एका समेला त्यांच्याकडे वळून मनापासून दाद दिली आणि म्हातारबुवा लहान मुलासारखे हसले. सगळा प्रकार दोन सेकंदांचा. मामांकडून उसना आणलेला कॅमेरा माझ्या हातात होता आणि त्या दोन सेकंदांत मी लेन्सची रिंग फिरवत बसलो होतो. पुढच्या दिवाळीआधी ते गेले. मुलगा फोटो मागायला आला, तेव्हा देण्यासारखा हा एवढाच होता. त्यानं तक्रारीचा शब्द काढला नाही. त्यामुळेच तो फोटो मला जास्त लागतो.

आज मला बोलायचं आहे ते या दोन सेकंदांबद्दल. हातानं फोकस करायचा फिल्मचा कॅमेरा, समोर घडणारा, पुन्हा न होणारा प्रसंग आणि आपली बोटं, यांचं गणित कसं जमवायचं?

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलच्या जमान्यात हे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे तरुण मुलं-मुली येऊ लागली आहेत. कुणाच्या आजोबांचा, कुणाच्या काकांचा कॅमेरा कपाटातून बाहेर निघालेला असतो. पहिला रोल धुऊन आला की चेहरे पडतात. देवळाचे, डोंगराचे फोटो उत्तम. लग्नातले, गाण्यातले, मिरवणुकीतले मात्र सगळे अस्पष्ट. ‘काका, तुम्ही लोक हे कसं करायचात?’ असं ती विचारतात. छत्तीस फोटोंचा रोल आता चांगलाच महाग झाला आहे आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर चूक लगेच दाखवणारा पडदाही नाही. तेव्हा हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं खरोखरीचा आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घेऊ. मिनोल्टा ७००० हा कॅमेरा आला १९८५ साली. कॅमेऱ्याच्या अंगातच फोकस करणारी यंत्रणा बसवण्याची पद्धत त्यानं रूढ केली. त्याआधीची बहुतेक सारी वृत्तछायाचित्रं हातानं फोकस करूनच काढलेली आहेत. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी १९७० साली काम थांबवलं. नेहरूंचे, माउंटबॅटन यांचे, स्वातंत्र्याच्या पहाटेचे त्यांचे फोटो पाहा. धावपळीतले प्रसंग, अवजड कॅमेरे, आणि तरीही चेहरे स्वच्छ. तेव्हा ही गोष्ट अशक्य नाही. फक्त ती बोटांच्या चपळाईनं होते असा आपला समज असतो, आणि तिथंच चूक होते.

चूक का, ते समजण्यासाठी थोडं भिंगाचं शास्त्र पाहू. भिंग एका वेळी एकाच अंतरावरच्या वस्तूची काटेकोर स्पष्ट प्रतिमा फिल्मवर पाडतं. त्याच्या पुढच्या-मागच्या वस्तूंचा प्रत्येक बिंदू फिल्मवर पसरतो, त्याचा ठिपका होतो. ठिपका बारीक असेपर्यंत आपल्या डोळ्याला तो बिंदूच वाटतो. मोठा झाला की आपण म्हणतो, फोटो हलला किंवा धूसर आला. म्हणजे फोकसच्या पुढेमागे थोडी सवलत असते. इंग्रजीत तिला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, आपण स्पष्टतेची खोली म्हणू. ही खोली तीन गोष्टींवर ठरते: लेन्स किती लांब पल्ल्याची, तिचं छिद्र किती उघडं आणि वस्तू किती जवळ.

माझ्या त्या फोटोचंच उदाहरण घ्या. लेन्स १०५ मिलिमीटरची, छिद्र पूर्ण उघडं, म्हणजे एफ/२.५, तबलजी चार मीटरवर. हिशेब केला तर स्पष्टतेची खोली येते सुमारे बावीस सेंटिमीटर. वीतभर! मायक्रोफोन होता चेहऱ्यापेक्षा अर्धा मीटर अलीकडे. त्यावर फोकस बसला आणि चेहरा वीतभर खोलीच्या बाहेर राहिला.

आता दुसरं टोक पाहा. ३५ मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ/८, फोकस तीन मीटरवर. जवळजवळ दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं स्पष्ट. वीतभर कुठे आणि पाच मीटर कुठे! उजेड भरपूर असेल तर ही पाच मीटरची खोली आपल्याला फुकट मिळते. मग रिंग फिरवायचीच कशाला? तीन मीटरवर लावून ठेवायची आणि विसरून जायचं. फोकस करायचा तो पायांनी. दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे.

हा काही माझा शोध नाही. न्यूयॉर्कमध्ये १९३० आणि ४० च्या दशकांत रात्री-अपरात्री अपघात, आगी, गुन्हे यांचे फोटो काढणारे आर्थर फेलिग होते, वीजी या टोपणनावानं प्रसिद्ध. ते कॅमेरा दहा फुटांवर लावून ठेवत, छिद्र एफ/१६, सोबत फ्लॅश. समोर काय घडेल ते माहीत नसे, पण ते किती अंतरावरून टिपायचं हे घराबाहेर पडतानाच ठरलेलं असे.

आषाढी वारीत मी हेच करतो. ढगाळ दिवस, ४०० स्पीडची फिल्म, एफ/८, शटर एक पंचशतांश सेकंद किंवा ढग दाटले तर एक अडीचशतांश. फुगडी घालणाऱ्या बाया, पावसात इरलं सावरणारा म्हातारा, टाळ वाजवता वाजवता मागे वळून पाहणारा मुलगा, यांपैकी कुणीही थांबून राहत नाही. पण मला अंतर ओळखता आलं पाहिजे. आपल्याकडचं जुनं माप इथं फार उपयोगी पडतं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे साधारण दीड फूट. दहा फूट म्हणजे पावणेसात हात. रस्त्यानं जाताना, एसटी स्टँडवर बसल्या बसल्या मनाशी अंदाज करायचा, तो खांब किती लांब? मग कॅमेरा उचलून रिंगवरचा आकडा पाहायचा. पंधरा दिवसांत अंदाज बसतो. पैसा लागत नाही, फिल्म लागत नाही.

दुसरा प्रकार येतो तो वेगाचा. विषय इतका जलद पळतो की त्याच्यामागे रिंग फिरवणं म्हणजे सुटलेल्या गाडीमागं धावणं. पण पळणाऱ्या गोष्टीलाही वाट असते. वारीतलं गोल रिंगण आठवा. अश्व धावतो तो आखलेल्या वर्तुळातून. तो कुठून जाणार हे तिथं बसलेल्या प्रत्येक वारकऱ्याला माहीत असतं. मग फोकस घोड्यावर कशासाठी करायचा? वाटेवरच्या एखाद्या खुणेवर करावा. रांगोळीचा ठिपका, मातीचं ढेकूळ, काहीही. आणि वाट पाहावी.

इथं एक बारीक हिशेब आहे. भरधाव घोडा सेकंदाला दहा मीटर जातो असं धरू. १३५ मिलिमीटरची लेन्स, एफ/८, खूण आठ मीटरवर. स्पष्टतेची खोली येते पावणेदोन मीटरच्या आसपास. घोडा सरळ आपल्या दिशेनं येत असेल, तर ती तो सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात ओलांडतो. आणि डोळ्यानं पाहून बोटानं बटण दाबेपर्यंत आपला जवळजवळ पाचवा हिस्सा खर्च होतो! म्हणजे घोडा खुणेवर आलेला दिसला आणि मग बटण दाबलं, तर तो खूण ओलांडून गेलेला असतो. बटण दाबायचं ते तो खुणेच्या दीड-दोन मीटर अलीकडे असताना. पहिल्या फेरीला फोटो काढू नये. नुसतं पाहावं, बोटानं मनातल्या मनात दाबून पाहावं. दुसऱ्या फेरीला काढावा.

दहीहंडीचंही तसंच. थर कोसळतील, पुन्हा रचले जातील, वर चढणारा पोर डुगडुगेल. पण मडकं बांधलं आहे ते एकाच जागी. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत मडक्याच्या उंचीला उभं राहायचं, मडक्यावर फोकस लावायचा आणि रिंगला पुन्हा हात लावायचा नाही. पोराचा चेहरा मडक्यापेक्षा फूटभर अलीकडे येणार एवढं ध्यानात ठेवून छिद्र थोडं बारीक करायचं, एफ/५.६ किंवा एफ/८. बाकी काम गोविंदा करतात.

पण खरी परीक्षा असते ती अंधारात, म्हणजे गाण्याच्या बैठकीत आणि नाटकात. तिथं छिद्र बारीक करायची सोय नाही. ४०० ची फिल्म १६०० ची समजून वापरली आणि जादा वेळ धुतली, तरी रंगमंचाच्या उजेडात एफ/२.८ आणि एक साठांश सेकंद मिळाला तर नशीब. फ्लॅश मारणं म्हणजे गाणाऱ्याच्या डोळ्यांत आणि श्रोत्यांच्या एकाग्रतेत बोट घालणं. तेव्हा स्पष्टतेची खोली वीतभरच राहणार आणि गाणारा तर त्या वीतभर जागेत बसून राहत नाही. पंडित भीमसेन जोशींना ज्यांनी समोर बसून ऐकलं आहे त्यांना सांगायला नको. तान निघाली की सगळं शरीर तिच्याबरोबर निघे. हात, मान, खांदे.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. नव्वदच्या दशकात रमणबागेच्या मैदानावर थंडीत रात्रभर बसून मी तिथं रोलमागून रोल वाया घालवले. तान पकडायला जायचो आणि रिंग फिरेतो मान दुसरीकडे. एका रात्री शेजारी बसलेले एक ज्येष्ठ छायाचित्रकार माझी धडपड बघत होते. त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला होता. ते डोळे मिटून ऐकत होते, हातानं ताल देत होते. मधूनच कॅमेरा उचलत, एक फोटो काढत, परत मांडीवर. मी न राहवून विचारलं. ते हळूच म्हणाले, ‘सम कुठे आहे ते कळतं ना? मग धावतोस कशाला? तो तिथं येणारच आहे.’

मला त्या क्षणी लख्ख काहीतरी कळलं. गाणारा आवर्तनभर कुठेही फिरो, समेला तो येतो. नुसता सुरानं आणि तालानं येतो असं नाही, शरीरानंही येतो. हात खाली येतो, मान एका ठरावीक जागी झुकते, नजर तबलजीकडे किंवा श्रोत्यांकडे जाते. दोन-तीन आवर्तनं नीट पाहिली की ती जागा कळते. प्रत्येक गवयाची निराळी, पण त्याची त्याची ठरलेली. त्या जागेवर फोकस लावून ठेवायचा. तीनतालाच्या सोळा मात्रा मध्यलयीत आठेक सेकंदांत होतात. विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिटही चालतं. एवढा वेळ कोणत्या खेळाच्या मैदानावर मिळतो? मुखडा सुरू झाला की कॅमेरा डोळ्याला लावायचा, फोकस एकदा तपासायचा आणि समेच्या किंचित आधी बटण दाबायचं.

किंचित आधी का? घोड्याच्या वेळी सांगितलेलं बोटाचं कारण आहेच, आणखी एक आहे. या कॅमेऱ्यात आपण आरशातून बघतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, क्षणभर अंधार होतो आणि त्या अंधारात फोटो निघतो. म्हणजे जो क्षण तुम्हाला कॅमेऱ्यातून स्वच्छ दिसला तो फिल्मवर आलेला नसतो. जो दिसला नाही, तोच आलेला असतो. शिवाय समेवर तबल्याचा ‘धा’ पडतो, श्रोत्यांतून ‘वा!’ उठते आणि त्या आवाजात आरशाची खटाक बुडून जाते. शांत आलापीत हीच खटाक दगड पडल्यासारखी वाजते. आलापीत मी बटणाला हात लावत नाही.

फोकस तपासायचा कशावर? अनेक जुन्या कॅमेऱ्यांत मधोमध एक दुभंगलेलं वर्तुळ असतं. फोकस चुकला की त्यातली उभी रेघ तुटलेली दिसते, जुळला की सांधली जाते. अंधारात चेहऱ्यावर अशी रेघ सापडत नाही. मग आजूबाजूला उभी रेघ शोधायची. गाण्यात ती आयती असते, तंबोऱ्याच्या तारा! तंबोरा गवयाच्या बरोबर मागे असतो. तारा सांधून घ्यायच्या, मग तंबोरा आणि गवयाचा चेहरा यांत जेवढं अंतर दिसतं तेवढी रिंग अलीकडे आणायची. चष्म्याची काडी, जाकिटाची कड, पेटीचा कोपरा हेही चालतं. सगळ्यांत चकाकणारी आणि म्हणून सगळ्यांत फसवी वस्तू म्हणजे मायक्रोफोन. डोळा आपोआप तिकडे जातो. माझा गेला होता.

नाटकाचं मी थोडक्यात सांगतो. तिथं ताल नाही, पण तालमी आहेत. नट कोणत्या वाक्याला कुठे उभा राहणार, प्रकाशाचा झोत कुठे पडणार, हे ठरलेलं असतं. रंगीत तालीम एकदा कॅमेऱ्याशिवाय पाहिलेला माणूस प्रयोगाला अर्धं काम संपवूनच येतो.

बोटांच्या सवयीबद्दल दोन-तीन गोष्टी सांगायला हव्यात. फोटो काढून झाला की लेन्स कुठेतरी अधांतरी सोडू नका. ठरलेल्या जागी परत आणा, माझी जागा तीन मीटर. म्हणजे पुढच्या वेळी रिंग कोणत्या बाजूला फिरवायची हा विचारच करावा लागत नाही. मी सायकलच्या ट्यूबची एक बारीक पट्टी रिंगवर चिकटवली आहे. ती बोटाला बरोबर खाली लागली की लेन्स तीन मीटरवर, अंधारातही कळतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकाच कार्यक्रमाला नेऊ नका. निकॉनची रिंग ज्या दिशेनं फिरते, कॅननची त्याच्या उलट, आणि ऐन वेळी बोटं गोंधळतात. रिंग पुढेमागे दहादा हलवू नका. एकदा फोकसच्या जरा पलीकडे जाऊन परत यावं आणि थांबावं. फार जवळ असाल तर रिंग सोडा आणि स्वतःच बोटभर पुढे-मागे झुका. आणि रोज दहा मिनिटं, बिनफिल्मच्या कॅमेऱ्यानं, घरातच सराव करा. खिडकीचे गज, दाराची कडी, स्वयंपाकघरातून येणारं माणूस. घरचे हसतील. हसू द्या.

या सगळ्याचं सार एवढंच की, जलद फोकस करणारा माणूस बहुधा जलद नसतोच. तो आधी पोचलेला असतो. रिंगणातली वाट, मडक्याची जागा, गाण्याची सम, ज्याचा फोटो काढायचा त्याची त्याला माहिती असते. घरातल्या लग्नात चुलतभावानं काढलेला फोटो कधीकधी धंदेवाईक फोटोग्राफरपेक्षा सरस निघतो, त्याचंही कारण हेच. कन्यादानाच्या वेळी मुलीचे वडील कधी कोलमडणार आणि कोणाकडे बघणार, हे त्याला ठाऊक असतं.

त्या तबलजींना मी लहानपणापासून ओळखत होतो. दाद मिळाली की ते मान डावीकडे कलती करून हसायचे, हे मला शंभर वेळा पाहून माहीत होतं. बुवा त्यांच्याकडे वळून गायला लागले होते, मुखडा सुरू झाला होता, सम येत होती. मला सगळं माहीत होतं आणि मी कॅमेऱ्याची रिंग फिरवत होतो.

अजूनही कोणत्याही बैठकीला गेलो की कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी मी दोन गोष्टी पाहतो. मायक्रोफोन कुठे आहे, आणि साथीदार कुठे बसले आहेत. रोलमधले पहिले दोन फोटो साथीदारांचे काढतो. मग गवयाकडे वळतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)